निवळीचं बी आणि निव्वळ शून्य

पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ आलं की आजी निवळीचं बी सहाणेवर उगाळायची, ते गंध हंड्यात ढवळायची आणि रात्रभर हंड्याला कुणाला हात लावू द्यायची नाही. सकाळी वरचं नितळ पाणी ती अलगद ओतून घ्यायची. तळाशी बोटभर गाळ राहिलेला असे, तो परसातल्या अळवाला जाई.

'निव्वळ' हा शब्द याच निवळीच्या, निवळण्याच्या घरचा. हिंदीत या झाडाला निर्मली म्हणतात. त्यावरून मूळ 'निर्मल'पाशी पोचत असावं, असं मला वाटतं. मराठीत मात्र त्याला दोन फाटे फुटले. हिशेबातला निव्वळ नफा म्हणजे सगळं वजा जाता उरलेला. बोलण्यातला निव्वळ म्हणजे नुसता, निखळ: निव्वळ योगायोग.

म्हणून 'निव्वळ शून्य उत्सर्जन' कानावर पडलं की पुष्कळांना दुसराच अर्थ ऐकू येतो, की धूर अजिबात बंद. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारतानं त्यासाठी २०७० हे साल जाहीर केलं. त्यातला 'निव्वळ' हिशेबातला आहे. काही उत्सर्जन राहणारच. तेवढा कर्ब झाडांनी, मातीनं ओढून घ्यायचा. २०३० पर्यंत वनं आणि झाडं वाढवून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतकं जादा शोषण करू, हेही आपल्या देशाचं वचन आहे. वृत्तपत्रं 'नेट झिरो' लिहितात. मला आपला शब्द अधिक खरा वाटतो, कारण त्यात गाळ आहे. पाणी निवळलं म्हणजे गाळ नाहीसा होत नाही, तो कुठेतरी बसतो. कुठे बसवणार, हे धोरणाला विचारलंच पाहिजे. संस्कृतात एक जुना दृष्टान्त आहे: निवळीचं नुसतं नाव घेतल्यानं पाणी स्वच्छ होत नाही.

'उत्सर्जन' शाळेत मूत्रपिंडाच्या धड्यात भेटतो. सृज् म्हणजे सोडणं, उत् म्हणजे वर. विसर्जन त्याचाच भाऊ. आणि 'कर्ब' हा 'कार्बन'चा मराठी अवतार. लॅटिनमध्ये कार्बो म्हणजे कोळसा. आपण त्याला इतकं आपलंसं केलं की उदक जोडून कर्बोदकंही केली. ताटातल्या भाकरीत कोळशाचं नाव बसलं!

पण हा शब्द खरा जिवंत आहे तो शेतकऱ्याच्या तोंडी. धोरणात कर्ब घटवायचा असतो, शिवारात वाढवायचा. मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्बाचा आकडा अर्ध्या टक्क्याच्या खाली असला की जमीन थकली असं समजतात. आमच्या काकांच्या पत्रिकेत तो ०.४ होता. ऊस गेला की पाचटाला काडी लावायची, ही तिथली वर्षानुवर्षांची रीत. यंदा त्यांनी खोडव्यात पाचट सरीत दाबलं, वर थोडा युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकलं, पाणी दिलं. परवा त्यांनी ते उचकटून दाखवलं. वरची पानं अजून करकरीत होती, खालची काळी, ओली, मऊ झालेली, आणि त्यांत गांडुळं होती. पेटवलं असतं तर यातलं जवळजवळ सगळं 'उत्' गेलं असतं.