एका शेताचे चार कागद

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातल्या जुन्या मराठी घरांत पत्र्याची एक ट्रंक असते. दिवाळीच्या साफसफाईत ती उघडली जाते आणि तशीच मिटली जाते. आत जमिनीचे कागद असतात. तळाशी पणजोबांच्या काळातले मोडी खत, त्यावर बाळबोधीतले वाटणीपत्र, त्यावर १९५६ नंतरचा कन्नड उतारा आणि सगळ्यांत वर संगणकावरून काढलेला अलीकडचा कागद. शेत तेच, बांध तोच, आडनावही तेच. कागद मात्र चार तऱ्हांचे, आणि घरातल्या कुणा एकाला चारही वाचता येतील असे क्वचितच.

आम्ही राज्य सरकारच्या नोकरीत. दिवसभर कचेरीत कन्नड टंकलेखन आणि संध्याकाळी मंडळाच्या कामासाठी मराठी, असा आमचा दिनक्रम. त्यामुळे लोक आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारतात. नवा संगणक आता घ्यावा की थांबावे? आणि जुने लिखाण कोणत्या स्वरूपात ठेवावे? हे प्रश्न संगणकाबरोबर जन्मले असा समज आहे. आमच्या मते ते दोनशे वर्षांचे जुने आहेत, आणि त्यांची पहिली उत्तरे त्या ट्रंकेच्या तळाशीच आहेत.

मोडी ही हाताच्या वेगासाठी घडलेली लिपी. आधी ओळभर आडवी रेघ ओढायची, मग बोरू शक्यतो न उचलता तिला अक्षरे लटकवत जायचे. ऱ्हस्वदीर्घाची फिकीर फारशी नाही. हिशेब, पत्रे, हुकूम, सावकारी वह्या या सगळ्यांसाठी मोडी, पोथ्यांसाठी बाळबोध. एकाच भाषेची दोन स्वरूपे आपापल्या जागी सुखाने नांदत होती. भांडण लागले ते छापखाना आल्यावर.

तेव्हाही निकाल आधीच ठरलेला नव्हता. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले ते देवनागरीत, पण १८१० सालचा त्याचा मराठी कोश छापला मोडीत. म्हणजे मोडीचे खिळे पाडता येत होते, पाडलेही गेले. तरी पुढे छापील मराठी म्हणजे बाळबोध हेच समीकरण झाले. मोडीचे वळण कारकुनागणिक बदले, तर बाळबोध अक्षर सुटे उभे राही आणि शिकणाऱ्याला लवकर उमजे. शाळेची पुस्तके बाळबोधीत निघाली की पुढची पिढी कोणत्या लिपीची, हे वेगळे सांगायला नको. बेळगावात १९१९ साली बाबूराव ठाकुरांनी 'तरुण भारत' काढला, तेव्हा हा प्रश्न कुणाच्या मनातही नसावा.

त्याच्या दोनच वर्षे आधी, १९१७ साली, मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध वापरायचे ठरवले. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. मोडी त्या दिवशी मेली नाही. आणखी काही दशके ती शिकवली जात होती आणि जुनी माणसे तिच्यातच लिहीत होती. आम्हाला खंत वाटते ती याच काळाची. मोडी सराईतपणे वाचणारा माणूस तेव्हा जवळपास प्रत्येक गावात होता. घरातल्या खतांची बाळबोधीत नक्कल करून घ्यायला एखादी दुपार पुरली असती. पण वाचता येत होते म्हणूनच कुणी नक्कल केली नाही, आणि वाचता येईनासे झाले तेव्हा सांगणारा उरला नाही. आज तेच खत वाचून घ्यायला पुण्याकोल्हापूरकडे जाणकार शोधत जावे लागते. वाटणीचा दावा उभा राहिला की त्या एका दुपारची किंमत कळते.

टाइपरायटरचा काळ थोडक्यात सांगतो. बाराखड्या, जोडाक्षरे, रफार हे सारे चाळीसपन्नास कळांवर बसवायचे म्हणजे काहीतरी तोडणे आलेच. खिळ्यांची संख्या घटवण्याच्या खटपटीत स्वतः लोकमान्य टिळक पडले होते. सावरकरांनी 'अ'लाच वेलांट्या-उकार लावून इ, उ, ए ही अक्षरे वेगळी ठेवायचीच नाहीत, असा मार्ग सुचवला. त्या वळणाची छपाई काही वर्षे दिसली आणि ओसरली. हिशेब त्यांचा बिनचूक होता. पण लाखो वाचकांच्या डोळ्यांची सवय तोडण्याचा खर्च त्या हिशेबात धरलेला नव्हता.

मग संगणक आला. आम्ही पदविका घेतली त्या काळी संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. यंत्र इंग्रजी जाणत होते. मराठी त्याला कशी शिकवावी याचे दोन रस्ते होते.

पहिला रस्ता सरकारी. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने 'इस्की' नावाची संकेतप्रणाली ठरवली. त्याआधीच, १९८६ साली, 'इनस्क्रिप्ट' हा कळफलक ठरला होता. पुण्याच्या सी-डॅकने 'जिस्ट' नावाचे कार्ड काढले. ते संगणकात बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. या योजनेतली एक गोष्ट आपल्या भागासाठीच केली असावी असे आम्हाला नेहमी वाटते. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व भारतीय लिपींना इस्कीत एकच क्रमांक होते. मराठीचा 'क' आणि कन्नडचा 'क' एकाच घरात राहात. लिपी बदला म्हटले की तोच मजकूर कन्नड अक्षरांत दिसे. इनस्क्रिप्टवरही तेच: ज्या कळेवर मराठी 'म', त्याच कळेवर कन्नड 'म'. ज्याला एक लिपी टंकता आली त्याला दुसरी जवळपास आलीच. बेळगावच्या कारकुनाला आणखी काय हवे होते!

पण बाजाराने दुसरा रस्ता धरला, आणि त्याला कारण होते. छापखानदाराला लग्नपत्रिका हवी होती, अहवाल हवा होता, आमच्यासारख्या मंडळांची स्मरणिका हवी होती, आणि ती देखण्या अक्षरात हवी होती. तेव्हाची पाने लावणारी सॉफ्टवेअर फक्त इंग्रजी अक्षरे ओळखत. म्हणून पुण्यात 'श्री-लिपी', सी-डॅकचेच 'आयएसएम', बंगळूरचे 'आकृती' अशा पॅकेजांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. संगणक समजे की आपण इंग्रजी अक्षरे लिहितो आहोत. डोळ्यांना दिसे मराठी. अडचण एवढीच, की कोणत्या घरात कोणता तुकडा हे ज्याने त्याने आपापल्या मर्जीने ठरवलेले. एका फॉन्टमधला 'गणपती' दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की नुसता कंसांचा आणि टिंबांचा शिमगा. त्या दिवसांत छापखान्याला मजकूर द्यायचा म्हणजे फ्लॉपी, तिच्यात फॉन्ट आणि शिवाय ताडून पाहायला छापील प्रत, असे तिन्ही द्यावे लागे. काही पॅकेजांना तर संगणकाच्या पाठीमागे खोचायचे कुलूप असे. ते हरवले की आपलेच लिखाण आपल्याला बंद.

कन्नडच्या बाजूला कर्नाटक सरकारने कन्नड गणक परिषदेचे 'नुडी' उचलले. त्याचा कळफलक के. पी. राव यांच्या उच्चारानुसारी मांडणीचा. शिकायला तो सोपा आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो. पण तो इनस्क्रिप्ट नव्हे. म्हणजे दोन्ही लिपींना एकच कळफलक मिळण्याची सोय आमच्या भागातून गेली ती गेलीच. आमची बोटे आजही कचेरीत एका वळणाने चालतात आणि घरी दुसऱ्या.

याच सुमारास भूमिअभिलेखांचा मोठा पालट झाला. जमिनीच्या नोंदी संगणकावर घेण्याची केंद्राची योजना १९८८-८९ पासून होती, पण हस्तलिखित उतारे बाजूला चालूच राहात, त्यामुळे संगणकातली नोंद शिळी पडे. कर्नाटकच्या 'भूमी' प्रकल्पाने २००० नंतरच्या दोनतीन वर्षांत सुमारे ६७ लाख खातेदारांचे २ कोटी उतारे संगणकात घेतले, आणि ज्या तालुक्याचे काम पुरे झाले तिथे हाताने लिहिलेला उतारा देणे बंद केले. १५ रुपये भरले की खिडकीवर छापील उतारा मिळू लागला. नव्याबरोबर जुनेही चालू ठेवायचे नाही, हा निर्णय धाडसाचा होता आणि आमच्या मते बरोबरही. फक्त त्या वेगात मराठी आडनावे कन्नडमध्ये जशी ऐकली तशी चढली. मूळ बाळबोध कागदावर एक, कन्नड उताऱ्यावर दुसरे आणि आधार कार्डावर इंग्रजीतून तिसरे, असे नावांचे भाऊबंद तयार झाले. कर्ज काढताना ते सगळे एकाच बापाचे आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र लागते. हा अनुभव वाचकांपैकी अनेकांना असेल.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ चीच. देवनागरी आणि कन्नड दोन्ही तिच्यात होत्या. इस्कीचा क्रम तिने बराचसा जसाच्या तसा उचलला, फक्त प्रत्येक लिपीला स्वतंत्र वाडा दिला. मराठी 'क' आणि कन्नड 'क' यांत ८९६ घरांचे अंतर आहे. 'म'मध्येही तेवढेच, 'ळ'मध्येही तेवढेच. शेजार तुटला, पण नाते मोजता येते.

कागदावर आलेली गोष्ट हातात यायला मात्र वेळ लागला. देवनागरी नीट चालली विंडोज २००० मध्ये, कन्नड विंडोज एक्सपीमध्ये, म्हणजे २००१ साली. आणि पाने लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये? पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची; तिला युनिकोड देवनागरी कधीच उमगली नाही. इनडिझाइनमध्ये भारतीय लिपींची सोय आली २०१२ साली. म्हणून १९९५ साली फॉन्टचे पॅकेज घेणाऱ्या छापखानदाराला आम्ही नावे ठेवणार नाही. त्याने थांबायचे ठरवले असते तर सतरा वर्षे थांबावे लागले असते, आणि तेवढ्यात छापखाना बुडाला असता. पण २०१२ नंतरही जो 'चालते आहे ना' म्हणून त्याच फॉन्टवर राहिला, त्याची गोष्ट वेगळी.

खाजगी युक्ती आणि सार्वजनिक प्रमाण यांतला फरक २०१० साली सगळ्या देशाने पाहिला. जुलैमध्ये रुपयाचे नवे चिन्ह जाहीर झाले. मंगळूरच्या एका कंपनीने थोड्याच दिवसांत फॉन्ट काढला, त्यात एका इंग्रजी चिन्हाच्या जागी रुपया बसवलेला. लोकांनी धडाधड उतरवून घेतला. पण तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर रुपयाऐवजी उलटे स्वल्पविरामासारखे टिंब दिसे. ऑक्टोबरात युनिकोडने त्या चिन्हाला स्वतःचे घर दिले, आणि युक्तीची गरज संपली.

युनिकोडमध्येही सगळे गोड आहे असे नाही. 'ॲ'ला स्वतंत्र घर मिळाले २००८ साली. तोवर कुणी हिंदीचा 'ऍ' वापरला, कुणी 'अ'वर चंद्र ठेवला. 'तऱ्हा', 'सुऱ्या' यांतला र दोन प्रकारे लिहिता येतो, डोळ्यांना सारखाच दिसतो आणि शोधताना संगणक दोन वेगळे शब्द समजतो. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' सगळ्या फॉन्टांत नसतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमाला आणि अक्षरवळणे प्रमाण केली, तरी विंडोजबरोबर येणारा 'मंगल' आपल्याला हिंदीच वळण दाखवत राहिला.

आता यंत्राविषयी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतचा, आणि जुने बरेच संगणक विंडोज ११ घेत नाहीत. त्यामुळे घराघरांतून जुनी यंत्रे भंगारात जाणार. आमचे सांगणे इतकेच, की नवा संगणक कधीही घ्या, पण जुना चालू आहे तोवर त्यातला मराठी मजकूर बाहेर काढा. जुने पॅकेज, त्याचा फॉन्ट आणि त्याचे कुलूप एका जागी आहे तोवर मजकूर युनिकोडमध्ये बदलता येतो. नवे यंत्र ते कुलूप ओळखेलच याची खात्री नाही.

आमच्या मंडळाच्या जुन्या स्मरणिकांपैकी काही सीडींवर आहेत, सगळ्या फॉन्टच्या काळातल्या. गेल्या पावसाळ्यापासून त्या बदलून घेण्याचे काम आम्ही दोघेतिघे रात्री बसून करतो आहोत. बदलणारे सॉफ्टवेअर बहुतेक मजकूर नीट देते. रफार, 'ऱ्या' आणि 'श्र' मात्र दरवेळी छापील अंकाशी ताडून पाहावे लागतात. दिवंगत सभासदांवरचे लेख आम्ही आधी घेतले, कारण त्यांत चुकलेले नाव दुरुस्त करायला ते माणूस आता नाही. काही छापील अंक मिळत नाहीत. ज्यांच्या घरी १९९० नंतरच्या स्मरणिका असतील त्यांनी मंडपात आणून द्याव्यात. स्कॅन करून दुसऱ्या दिवशी परत करू.

मोडी खतांचेही तसेच. मोडीला युनिकोडमध्ये घर मिळाले २०१४ साली, फॉन्टही निघाला आहे, पण ते वाचून टंकणारा माणूस हवा. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेते. आमच्यापैकी दोन कॉलेजातली मुले शिकायला तयार आहेत. त्यांना सरावासाठी कागद हवेत. मूळ खत देऊ नका, मोबाइलवर उजेडात काढलेला स्वच्छ फोटो पुरे.