श्वेतसर्पिणी आणि तिचा नवरा

सहस्र वर्षें तप करून मनुष्यरूपास आलेली एक सर्पिणी, तिनें वरलेला औषधांच्या दुकानांतील एक साधा तरुण, आणि त्यांचा संसार मोडणारा फाहाय नांवाचा बौद्ध भिक्षु, अशा तिघांच्या चिनी कथेवर १९९२ सालीं तैवानांत पन्नास भागांची एक दूरचित्रवाणी मालिका निघाली. पुढील वर्षीं ती चीनमध्येंही दाखविण्यांत आली व अतिशय लोकप्रिय झाली. आम्हीं ती नुकतीच समग्र पाहिली. तिच्यांतील गीतें गोड आहेत. नायिका चाओ या-ची हिचा अभिनय संयत आहे. आणि नायकाची भूमिका ये थुंग या नटीनें केली आहे, याचें नवल ज्यांच्या आजोबांनीं बालगंधर्व पाहिले त्यांस तरी वाटूं नये. आमचा आक्षेप निराळाच आहे. तो समजण्यास थोडें मागें जावें लागेल.

फंग मंगलुंग यानें १६२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या कथासंग्रहांत ही गोष्ट बरीच निष्ठुर आहे. हांगचौ येथील पश्चिम सरोवराच्या कांठीं पावसांत नायक तिला छत्री देतो, लग्न ठरतें, आणि तिनें दिलेली चांदी सरकारी खजिन्यांतून चोरीस गेलेली निघते! बिचारा हद्दपार होतो. पुनः भेट, पुनः चोरीचा माल, पुनः शिक्षा. शेवटीं भिक्षूनें दिलेलें भिक्षापात्र तो स्वतःच्या हातांनीं बायकोच्या मस्तकावर दाबून धरतो. ती लहान होत होत सर्परूपास येते. आणि तिच्यावर सात मजल्यांचा मनोरा उभारण्यास हाच गृहस्थ भिक्षा मागत हिंडतो.

इतिहासास हें अर्थातच मान्य नाहीं. कथा बाराव्या शतकांतली, आणि लेफंग मनोरा त्याच्या किती तरी आधीं, दहाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, वू-युए राज्याचा राजा छ्यान छू यानें बुद्धाच्या केशधातूकरितां बांधविलेला. अशोकानें चौऱ्यांशीं हजार स्तूप उभारल्याची आख्यायिका तेथवर पोंचली होती, आणि या राजानें तिचें अनुकरण करून लहान लहान स्तूप करविले. २००१ सालीं मनोऱ्याच्या पायाखालचें तळघर उघडलें, तेव्हां सोन्याचा मुलामा दिलेला तसाच एक चांदीचा स्तूप तेथें सांपडला. जेथें राजानें अशोकाचें स्मरण जपलें, तेथें लोकांनीं एक सर्पिणी पुरली.

पण तिला तेथें राहूं देणें लोकांसच पटेना. अठराव्या शतकांत रंगभूमीवर नटांनीं तिला पुत्र दिला. फांग छंगपै याच्या १७७१ च्या नाटकांत ती पतीचे प्राण वांचविण्यासाठीं दिव्य वनस्पति चोरावयास जाते, पति विहारांत अडकला म्हणून विहारावर पूर आणते. आणि पुत्र राजपरीक्षेंत पहिला येऊन मनोऱ्याखालील मातेच्या भेटीस येतो. चोर ठरलेली बायको आतां साध्वी झाली. आमच्या उलूपीस अर्जुनाशीं विवाह केल्याबद्दल कोणीं गाडलें नाहीं. या बाईस तेवढी माया मिळविण्यास दीडशें वर्षें लागलीं. पुढें २५ सप्टेंबर १९२४ रोजीं मनोरा खरोखरच कोसळला. शुभ म्हणून लोक त्याच्या विटा काढून नेत असत, हें त्याचें एक कारण. लू शुन यानें त्या पतनाचा आनंद मानून लेख लिहिला आणि सारा दोष लुडबुड्या भिक्षूच्या माथीं मारला.

आमचें म्हणणें असें कीं, बायकोस न्याय मिळाला तो नवऱ्याचा अपराध पुसून. फंगच्या कथेंतील पात्र दाबणारे ते हात नंतरच्या शतकांत हळूहळू दिसेनासे झाले, आणि १९९२ च्या मालिकेंत तर हा पुरुष इतका प्रेमळ, अश्रुपूर्ण आणि निरपराध आहे कीं त्याची कीवच यावी. भीति, बदनामी आणि अब्रू यांपायीं सज्जन माणूसही घरच्या माणसाचा कसा घात करतो, हें जुन्या कथेनें नकळत सांगून टाकलें होतें. नव्या मालिकेस तें सांगावयाचें नाहीं. वीस वर्षें अंधारांत काढलेल्या स्त्रीस शेवटीं पुत्र भेटतो, पति भेटतो, स्वर्गही मिळतो. परंतु नवऱ्यास एक प्रश्न विचारावा अशी वेळ तिच्यावर येत नाहीं.

२०१९ सालीं याच कथेवर छत्तीस भागांची दुसरी मालिका निघाली. तिच्यांत चमत्कार अधिक आहेत, आणि नायक पहिल्याहून देखणा आहे.