एबीएसचा दिवा विझत नाही तेव्हा...

मोटरसायकलची किल्ली फिरवताच मीटरवर जे दिवे उजळतात, त्यांत ‘एबीएस’ या अक्षरांचा एक पिवळसर दिवा असतो. गाडी चालू लागल्यावर काही क्षणांत तो विझला पाहिजे. तो विझला नाही, अथवा धावत्या गाडीत पुन्हा पेटला, तर अँटी-लॉक ब्रेकिंग यंत्रणेने स्वतःला कामातून बाजूला काढले आहे, असा त्याचा अर्थ होतो. ब्रेक निकामी झाले आहेत, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे. हा फरक ध्यानात न आल्यामुळे काही चालक भर रस्त्यात गाडी सोडून टेम्पो शोधू लागतात, तर काहीजण तोच दिवा पाहत सबंध पावसाळा काढतात. त्याहून खर्चिक प्रकार गॅरेजमध्ये घडतो. सेन्सरवर साचलेला चिखल किंवा सैल झालेला कनेक्टर एवढ्याच कारणासाठी यंत्रणेचा संपूर्ण संच बदलण्याचा सल्ला दिला जातो आणि गाडीमालक तो निमूटपणे मानतो.

ही यंत्रणा दुचाकीसाठी नवी नाही. बीएमडब्ल्यू कंपनीने १९८८ मध्ये आपल्या ‘के १००’ मालिकेतील मोटरसायकलवर ती प्रथम दिली. आपल्याकडे मात्र बराच काळ ती महागड्या गाड्यांपुरतीच राहिली. केंद्र सरकारच्या नियमानुसार १२५ सीसीपेक्षा अधिक क्षमतेच्या नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून, तर त्या गटातील सर्वच नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले. त्यामुळे आज रस्त्यावरील असंख्य साध्या गाड्यांवर हा दिवा आहे आणि त्यांतील बऱ्याच गाड्यांची वॉरंटी केव्हाच संपलेली आहे.

दिवा का पेटतो?

प्रत्येक चाकाच्या डिस्कजवळ एक खाचांची किंवा दातेरी धातूची कडी बसवलेली असते. चाकाबरोबर ती फिरते आणि तिच्यासमोर स्थिर असलेला सेन्सर या खाचा मोजून चाकाचा वेग नियंत्रकाला कळवतो. ब्रेक दाबल्यावर एखाद्या चाकाचा वेग अचानक शून्याकडे जाऊ लागला, की चाक जाम होणार हे नियंत्रक ओळखतो आणि झडपांच्या साहाय्याने त्या ब्रेकचा दाब क्षणभर सोडून पुन्हा देतो. एका सेकंदात ही क्रिया अनेकदा घडते. लिव्हरला किंवा पेडलला जी थरथर जाणवते ती याचीच. ‘सिंगल चॅनेल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांत ही सोय फक्त पुढच्या चाकाला असते, ‘ड्युअल चॅनेल’मध्ये दोन्ही चाकांना.

किल्ली फिरवल्यावर नियंत्रक प्रथम आपले विद्युत मंडल तपासतो. त्यानंतर गाडी थोडी पुढे सरकल्यावर, बहुतेक मॉडेलमध्ये ताशी ५ ते १० किलोमीटर वेगाच्या आसपास, सेन्सरकडून योग्य संकेत येत आहेत काय ते पाहतो. सारे ठीक असेल तरच दिवा विझतो. उभ्या गाडीत दिवा पेटलेला असणे, हा म्हणूनच बिघाड नव्हे. नवी गाडी घेतलेल्या अनेकांची तक्रार येथेच मिटते.

बिघाड नसतानाही दिवा लागण्याचे आणखी काही प्रसंग आहेत. गाडी डबल स्टँडवर लावून चेन साफ करताना इंजिन चालू ठेवून मागचे चाक फिरवले, तर पुढचे चाक स्थिर आणि मागचे वेगात, असा विसंगत संकेत नियंत्रकाला मिळतो आणि तो यंत्रणा बंद करतो. (इंजिन चालू ठेवून चेन साफ करणे हे बोटांच्या दृष्टीनेही घातकच.) चिखलात मागचे चाक बराच वेळ जागीच फिरले, तरी हेच घडू शकते. अशा वेळी किल्ली बंद करून पुन्हा चालू करावी आणि थोडे अंतर गाडी चालवावी. दिवा विझला आणि पुन्हा लागला नाही, तर पुढे काही करण्याची गरज नाही. केटीएमच्या काही मॉडेलमध्ये किंवा २०२० नंतरच्या रॉयल एनफिल्ड हिमालयनमध्ये कच्च्या रस्त्यासाठी मागच्या चाकाचे एबीएस बंद करता येते. तसे ते बंद केले असतानाही मीटरवर सूचना दिसते. आधीच्या चालकाने ते बटण दाबले होते काय, एवढे पाहिले तरी एक खेप वाचते.

तपासणी कोठून सुरू करावी

सुरुवात बॅटरीपासून करावी. एबीएसची मोटर चालताना मोठा विद्युतप्रवाह घेते. त्यामुळे व्होल्टेज कमी पडले, की नियंत्रक यंत्रणा बंद ठेवणेच पसंत करतो. सकाळी सेल्फ मारताना दिवे मंदावत असतील आणि एबीएसचा दिवा लागून काही वेळाने, गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर जात असेल, तर संशय बॅटरीवरच घ्यावा. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीचे व्होल्टेज साडेबारा व्होल्टच्या आसपास, तर इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान असावे. बॅटरीची टोके सैल किंवा पांढरट झालेली असतील तर ती साफ करून आवळावीत. फ्यूज पाहताना एबीएसला बहुधा एकाहून अधिक फ्यूज असतात, हे लक्षात ठेवावे. जळालेल्या फ्यूजच्या जागी त्याच क्षमतेचा फ्यूज टाकावा. तो पुन्हा जळाला तर अधिक क्षमतेचा टाकू नये आणि तार गुंडाळून काम भागवणे तर सर्वथा टाळावे.

येथे काही आढळले नाही, तर चाकाकडे वळावे. बहुसंख्य बिघाडांचे मूळ तेथेच असते आणि ते डोळ्यांनी दिसू शकते. सेन्सरच्या टोकावर चिखल आणि ब्रेक पॅडची भुकटी साचते. टोकाशी चुंबक असेल तर लोखंडाचे बारीक कणही चिकटून बसतात. सेन्सर ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर वापरू नये. गंज सोडवणारा स्प्रेही येथे नको, कारण तो डिस्कवर उडाला तर दिवा विझेल, पण ब्रेकच घसरेल.

दातेरी कडी हा त्याहून नाजूक भाग. तिच्या वाकण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे टायर काढताना चाक कडीच्या बाजूने जमिनीवर आडवे टाकून त्यावर पहारीने जोर देणे. पंक्चर काढल्यानंतर किंवा टायर बदलल्यानंतर त्याच दिवशी दिवा लागला असेल, तर प्रथम ही कडी पाहावी. चाक हळूहळू हाताने फिरवून कडी आणि सेन्सर यांमधील फट सर्वत्र सारखी आहे काय, ते निरखावे. ही फट साधारणतः एक मिलिमीटरच्या आसपास असते. नेमके माप त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असते आणि ते फिलर गेजने मोजावे लागते. कडी एका जागी आत-बाहेर होत असेल किंवा तिच्यात खडा अडकला असेल, तर प्रत्येक फेरीत एक चुकीचा संकेत जातो. वाकलेली कडी हातोडीने सरळ करण्याचा मोह होतो, पण ती बदलणेच श्रेयस्कर. संपूर्ण संचाच्या तुलनेत तिची किंमत किरकोळ असते. चाक पुन्हा बसवताना आसाजवळील बुश उलटसुलट लागला किंवा राहून गेला, तरीही ही फट बिघडते. चाकाचे बेअरिंग ढिले झाले असेल, तर खड्ड्यांच्या रस्त्यावर दिवा लागतो आणि गुळगुळीत रस्त्यावर जातो. कंपनीने ठरवलेल्या मापापेक्षा वेगळा, केवळ शोभेसाठी घातलेला रुंद टायरही दोन्ही चाकांच्या वेगांचा मेळ बिघडवू शकतो.

एक उपयुक्त खूण अशी, की अनेक गाड्यांत वेगदर्शक काट्याला किंवा आकड्याला मिळणारी माहितीही याच सेन्सरमार्फत येते. एबीएसचा दिवा लागला आणि त्याच वेळी मीटरवरील वेगही शून्यावर गेला किंवा उड्या मारू लागला, तर शोध सेन्सर, त्याची वायर आणि कडी या तिघांपुरता मर्यादित होतो.

वायरिंगचा शोध मात्र चिकाटीचा. पुढच्या सेन्सरची वायर शॉकअपच्या बाजूने वर जाते आणि हँडल वळवताना ताणली जाते. दिवा नेमका वळणावरच लागत असेल, तर तिचा ताण आणि तिला धरून ठेवणाऱ्या क्लिपा पाहाव्यात. क्लिप तुटलेली असेल, तर वायर टायरला घासून आतली तांब्याची तार उघडी पडते. वॉशिंग सेंटरमध्ये जोराच्या फवाऱ्याने गाडी धुतल्यानंतर दिवा लागला, तर कनेक्टरमध्ये पाणी शिरलेले असण्याचा संभव अधिक. किल्ली बंद ठेवून कनेक्टर सोडवावा, वाळू द्यावा आणि आतील पिनांवर हिरवट थर आहे काय ते पाहावे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये अनेक दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. जादा हॉर्न किंवा दिवे बसवताना कोणीतरी मूळ वायरिंगला टोचून जोड दिला असेल, तर तो तात्पुरता काढून पाहावा.

सांकेतिक क्रमांकाचा अर्थ

इतके करूनही कारण सापडले नाही, तर निदान यंत्र जोडावे लागते. नियंत्रक प्रत्येक बिघाडाचा सांकेतिक क्रमांक आपल्या स्मृतीत नोंदवून ठेवतो. येथे एक गोष्ट मेकॅनिकला आवर्जून विचारावी. क्रमांक ‘पुढच्या चाकाचा सेन्सर’ असे दर्शवतो, तेव्हा तो त्या मंडलाकडे बोट दाखवतो, सेन्सर मेला असे म्हणत नाही. तुटलेली वायर, ओला कनेक्टर किंवा वाकलेली कडी असली, तरी तोच क्रमांक येऊ शकतो. म्हणून कोणता क्रमांक आला ते लिहून घ्यावे, त्यानंतर काय तपासले ते विचारावे, आणि मगच नव्या भागाला संमती द्यावी. केवळ क्रमांक पुसून गाडी परत देणे ही दुरुस्ती नव्हे. कारण कायम असेल तर दिवा काही किलोमीटरवर पुन्हा लागतो. मोटर, झडपा अथवा नियंत्रक खरोखरच बिघडल्याचे निष्पन्न झाले, तर मात्र तो संच रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये उघडू नये. त्यात हवा राहिली तर काही मॉडेलमध्ये ती निदान यंत्राच्या मदतीनेच काढता येते.

दिवा लागलेला असताना गाडी चालवता येते काय? लिव्हर आणि पेडल नेहमीसारखे कडक लागत असतील आणि ब्रेक ऑईलची पातळी ठीक असेल, तर बेताच्या वेगाने घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत जाता येते. ब्रेक तेव्हा जुन्या, एबीएस नसलेल्या गाडीसारखे वागतात. ओल्या डांबरावर, सांडलेल्या ऑईलवर किंवा रेतीवर पुढचा लिव्हर एकदम आवळला, तर चाक जाम होऊन गाडी हातातून निसटते. एबीएसची सवय झालेल्या हाताला हे विसरायला होते. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र वापरावेत, दाब टप्प्याटप्प्याने वाढवावा आणि पुढील वाहनापासून नेहमीपेक्षा अधिक अंतर ठेवावे. लिव्हर मऊ लागत असेल, हँडलच्या मुठीपर्यंत येत असेल किंवा कोठे ऑईल गळताना दिसत असेल, तर तो ब्रेकचाच बिघाड आहे आणि अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नये.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी तपासणी उलट्या दिशेने करावी लागते. दिवा कायम पेटतो म्हणून त्यावर काळी पट्टी चिकटवणारे किंवा मीटर उघडून तो बंदच करणारे विक्रेते असतात. त्यामुळे किल्ली फिरवल्यावर एबीएसचा दिवा पेटतो की नाही, हे प्रथम पाहावे. तो पेटतच नसेल तर सौदा तेथेच थांबवून कारण विचारावे. पेटला, तर गाडी थोडी चालवून तो विझतो याची खात्री करावी. त्यानंतर रिकाम्या, कोरड्या आणि सरळ रस्त्यावर ताशी २० ते ३० किलोमीटर वेगात ड्युअल चॅनेल गाडीचे मागचे पेडल जोरात दाबून पाहावे. पायाखाली थरथर जाणवली आणि चाक घसटत गेले नाही, तर मागच्या चाकाची यंत्रणा काम करीत आहे. सिंगल चॅनेल गाडीत मागचे चाक घसटणारच, त्यावरून निष्कर्ष काढू नये. पुढच्या चाकाची अशी परीक्षा अनुभवी मेकॅनिकवर सोपवावी.