भास्कराचार्यांची माकडे

श्रोतेहो, वर्गसमीकरणाची दोन उत्तरे हाती आली, की विद्यार्थी सुटलो म्हणून पाटी पुसतो. पण खरा विचार तिथूनच सुरू होतो, हे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास आपल्या 'बीजगणित' या ग्रंथात दाखवून ठेवले आहे.

त्यांचे एक उदाहरण घ्या. माकडांच्या कळपाचा जो आठवा भाग, त्याच्या वर्गाइतकी माकडे रानात खेळत आहेत आणि उरलेली १२ डोंगरावर आहेत. तर कळप केवढा? उत्तरे दोन येतात, १६ आणि ४८. आचार्यांनी दोन्ही मान्य केली.

दुसरे उदाहरण असेच दिसते. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग केला, तेवढी माकडे गुहेत शिरली. एक फांदीवर राहिले. उत्तरे येतात ५० आणि ५. पण ५ चा पाचवा भाग १. त्यातून ३ कसे जाणार? आकडेमोड बरोबर असूनही आचार्यांनी ५ नाकारले, कारण अशी उणी संख्या लोकांना पटत नाही. म्हणजे समीकरणाच्या जोडीला एक अटही आहे: पाचवा भाग ३ हून कमी नको, कळप १५ हून लहान नको. 'इतकेच' नव्हे, तर 'निदान इतके' असे सांगणाऱ्या विधानाला आज आपण असमता म्हणतो.

आता आपण पहिल्याच उदाहरणात एक पाऊल पुढे टाकू. कळप ३२ चा धरा. आठवा भाग ४, त्याचा वर्ग १६, त्यात १२ मिळवले की २८. चार माकडांचा हिशेब लागत नाही! कळप ८ चा धरला, तर बेरीज १३. ५६ चा धरला, तर ६१. म्हणजे १६ आणि ४८ यांच्या मधे कुठेही बेरीज कळपाहून कमी, आणि त्यांच्या बाहेर जास्त. दोन उत्तरे म्हणजे जणू शेताचे दोन बांध. प्रत्येक तुकड्यातली एकेक संख्या घालून पाहिली, की सगळ्या तुकड्याचा स्वभाव कळतो. वर्गाची असमता सोडवायची ती अशीच.

'पेक्षा मोठे' आणि 'पेक्षा लहान' यांची आजची चिन्हे छापून आली ती १६३१ साली, टॉमस हॅरिअट या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथात, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. चिन्ह उशिरा आले. विचार आधीच होता.

चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. आचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. गुरुजनहो, उद्या फळ्यावर दोन उत्तरे आली, की मुलांना एवढेच विचारा: यांतले कोणते चालेल, आणि या दोघांच्या मधे काय आहे?