लातूरची पाण्याची आगगाडी

इसवी सन १८९७ मध्यें कुर्डुवाडी ते बार्शी हा अडीच फुटी रुळांचा लोहमार्ग सुरू झाला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज एंजिनियराची ती योजना. हीच बार्शी लाइट रेल्वे १९११ सालीं निजामाच्या राज्यांतील लातूरपर्यंत पोहोंचली, आणि १९२७ सालीं तिचें दुसरें टोंक पंढरपुरावरून कृष्णाकांठच्या मिरजेस जाऊन भिडलें. लातूरच्या पेठेंतला माल आणि पंढरीचे वारकरी तिनें वाहिले. पुढें रूळ रुंद झाले, जुनी गाडी गेली. वाट मात्र बहुतांशीं तीच राहिली. त्या वाटेनें १२ एप्रिल २०१६ रोजीं लातुरास पूर्वीं कधीं न आलेला माल आला. तो माल म्हणजे पाणी!

२०१४ व २०१५ या दोन्ही वर्षीं मराठवाड्यांत पावसानें दगा दिला होता. त्यावर २०१६ चा उन्हाळा आला. त्या वर्षीं १९ मे रोजीं राजस्थानांतील फलोदी येथें ५१ अंश सेल्सियस उष्णता मोजली गेली. भारतांत तोंपर्यंत इतक्या उष्म्याची नोंद नव्हती. नांदेडास निदान गोदावरीचा कांठ आहे. लातूरची सारी भिस्त धनेगांवच्या मांजरा धरणावर, आणि तें कोरडें पडलें. मार्च महिन्यांतच पाणवठ्यांभोंवतीं जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. जो हुकूम दंग्याच्या वेळीं निघावयाचा, तो घागरीसाठीं निघाला.

पहिल्या गाडीस दहा टाक्या होत्या व त्यांत सुमारें ५ लाख लिटर पाणी होतें. २०११ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती ३ लाख ८२ हजारांवर भरली होती. म्हणजे माणशीं जेमतेम सव्वा लिटर, एक तांब्या! पुढें पन्नास टाक्यांची गाडी येऊं लागली, तरी हिशेब माणशीं साडेसहा लिटरांपलीकडे गेला नाहीं.

सूर्य धरणाचें पाणी शोषून घेतो, हें खरें. परंतु त्याच मांजरेच्या खोऱ्यांत बारमाही पाणी मागणारा ऊंस माणसांनींच लावला, आणि विहिरी आटल्या तेव्हां विंधनविहिरी अधिकाधिक खोल नेल्या. पावसाळ्यांत गाडी बंद झाली. वर्ष सरण्यापूर्वीं मांजरा धरण भरलेंही. भरलेलें धरण पाहिलें म्हणजे कोरडें धरण विसरणें हा मनुष्यस्वभाव आहे. उन्हाळा किती तापावा, हें लातूरकरांच्या हातीं नाहीं. भरल्या धरणाचें पाणी पुढील दोन अवर्षणांचा हिशेब धरून वापरणें, एवढें मात्र त्यांच्या हातीं आहे.