एचआयव्ही उपचारांचा हक्क (महाराष्ट्र व खानदेश)

एचआयव्हीबाधितांना औषध परवडावे आणि ते घराजवळ मिळावे, यासाठी बाधितांनी, डॉक्टरांनी व वकिलांनी चालवलेली चळवळ. भारतात या विषाणूची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. तीन औषधांचा एकत्रित उपचार १९९६ पासून गुणकारी ठरला, पण त्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता.

मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये, काम करू शकणाऱ्या बाधिताला केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल दिला आणि अर्जदाराचे नाव गुप्त ठेवू दिले. हा दुसरा भाग तितकाच मोलाचा. गावभर बोभाटा होणार असेल, तर कोर्टाची पायरी कोण चढेल?

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने हाच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तो आफ्रिकेत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेला. औषध मुंबईत बनत होते. महाराष्ट्रात ते सरकारकडून मोफत मिळायला मात्र १ एप्रिल २००४ उजाडला, तेही सुरुवातीला फक्त मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. खानदेशातल्या धुळ्याहून मुंबई सव्वातीनशे किलोमीटर, जळगाव त्याहून लांब. गोळ्या फुकट असल्या तरी गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी कोण देणार?

पुढे धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि जळगावच्या सिव्हिल रुग्णालयात एआरटी (विषाणूरोधक औषधोपचार) केंद्रे आली. उपचारांच्या नोंदीचे हिरवे पुस्तक पुढे करायचे, डबीत उरलेल्या गोळ्या मोजून दाखवायच्या, महिन्याची नवी डबी घ्यायची. शंभरातल्या पंचाण्णव गोळ्या तरी वेळेवर पोटात जाव्या लागतात. खाडे होत गेले की विषाणू औषधाला जुमानत नाही आणि 'सेकंड लाइन'ची, म्हणजे दुसऱ्या फळीतल्या औषधांची, गरज पडते. ती जानेवारी २००८ मध्ये सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात पुन्हा जे. जे. हेच एक ठिकाण होते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग धुळ्यात मिळतात, म्हणून लागणीचा धोका जास्त मानल्या गेलेल्या ट्रकचालकांकडे आरोग्य यंत्रणेचे लक्ष लवकर गेले. उपचार दाराशी यायला मात्र वेळ लागला.

बाधितांच्या संघटनांनी टेनोफोव्हिर या एचआयव्हीवरील औषधाच्या पेटंट-अर्जाला हरकत घेतली व २००९ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. आज सरकारी केंद्रांवर मिळणाऱ्या रोजच्या एका गोळीत हेच औषध असते. २०१७ पासून रक्तातल्या सीडी-४ या प्रतिकार-पेशींची संख्या कितीही असो, उपचार सुरू होतात. बाधितांशी भेदभावाला मनाई करणारा त्याच वर्षीचा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ ला लागू झाला. तरीही २०२२ मध्ये गोळ्यांचा तुटवडा पडला आणि बाधितांनी दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) दारात ४२ दिवस धरणे धरले.