ॲलिस नील यांची व्यक्तिचित्रे आणि स्त्रियांचा दुर्लक्षित इतिहास

प्रस्तावना :
युरोप-अमेरिकेच्या कलेतिहासात स्त्री ही चित्रविषय म्हणून सर्वत्र दिसते. चित्रकर्ती म्हणून मात्र तिची नोंद क्वचितच आढळते. थोर स्त्री-कलावंत का झाल्या नाहीत, असा प्रश्न लिंडा नॉक्लिन या कलेतिहासकार विदुषीने १९७१ मध्ये उपस्थित केला. त्याचे उत्तर त्यांनी प्रतिभेच्या अभावात नव्हे, तर कलाशिक्षणाच्या व समाजाच्या रचनेत शोधले. या परिप्रेक्ष्यात अमेरिकन चित्रकर्ती ॲलिस नील (१९००-१९८४) यांच्या व्यक्तिचित्रांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जीवन आणि चित्रविषय :
नील यांचे शिक्षण फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या कलाशाळेत झाले. त्यांची पहिली कन्या १९२७ मध्ये घटसर्पाने दगावली. दुसरीला पतीने १९३० मध्ये क्यूबाला नेले. १९३४ मध्ये तत्कालीन सहचराने त्यांची अनेक चित्रे नष्ट केली. १९३८ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या स्पॅनिश हार्लेम या कष्टकऱ्यांच्या वस्तीत राहावयास गेल्या. 'टी. बी. हार्लेम' (१९४०) या चित्रात क्षयरोगाची शस्त्रक्रिया झालेला कार्लोस नेग्रोन हा तरुण आहे, तर 'द स्पॅनिश फॅमिली' (१९४३) मध्ये त्याची पत्नी मार्गारिता तीन मुलांसह बसली आहे. रोगाची नोंद रुग्णालयाच्या दप्तरात होते. त्या रोगाने घरातील स्त्रीवर टाकलेला भार मात्र या दुसऱ्या चित्रात दिसतो.

स्त्री-चळवळीचा काळ :
अमूर्त कलेच्या वर्चस्वामुळे नील दीर्घकाळ उपेक्षित राहिल्या. १९७० मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठासाठी त्यांनी केट मिलेट यांचे चित्र काढले. एकाच स्त्रीने संपूर्ण चळवळीचा चेहरा होणे मिलेट यांना अमान्य होते व त्यांनी समोर बसण्यास नकार दिल्याने ते छायाचित्रावरून रंगवावे लागले. १९७३ मध्ये नील यांनी खुद्द नॉक्लिन यांना कन्या डेझीसमवेत चितारले. येथे विदुषी आणि माता ही दोन्ही रूपे एकाच आसनावर आहेत. १९७४ मध्ये व्हिटनी संग्रहालयाने नील यांचे सिंहावलोकन प्रदर्शन भरविले. वयाच्या ८० व्या वर्षी, १९८० मध्ये, त्यांनी स्वतःचे नग्न आत्मचित्र पूर्ण केले आणि वृद्ध स्त्रीदेहाला कलेत स्थान दिले.

समारोप :
स्त्री-चळवळीने नील यांना विस्मृतीतून बाहेर काढले, हे खरे. परंतु चळवळीच्या कितीतरी आधी, ग्राहक नसतानाही, नील यांनी हार्लेमच्या स्त्रियांची नोंद करून ठेवली होती. तथापि मार्गारिता आपणांस दिसते ती नील यांच्या नजरेतून. ती स्वतः बोलत नाही. म्हणून व्यक्तिचित्र हे इतिहासाचे मोलाचे साधन असले, तरी ते स्त्रीच्या स्वतःच्या साक्षीची जागा घेऊ शकत नाही. मिलेट यांच्या नकाराचा धडाही हाच आहे. विस्मृतीतून एखादे नाव वर आणताना त्या एका नावाआड इतर असंख्य स्त्रिया पुन्हा झाकल्या जाणार नाहीत, याचे भान स्त्रीवादी इतिहासलेखनाने ठेवणे आवश्यक आहे.